वेबसाइटचा लेआउट कसा असावा? ग्राफिक डिझाइनची ६ मूलभूत तत्त्वं, मोबाइल स्क्रीन आणि मराठी मजकुरासह

आजकाल वेबसाइट बनवणं खूप सोपं झालंय. वर्डप्रेस किंवा गूगल साइट्स उघडा, एखादी तयार थीम निवडा, फोटो आणि मजकूर टाका, अर्ध्या दिवसात साइट तयार. पण तीच साइट मोबाइलवर उघडली की काहीतरी खटकतं. फोटो आहेत, रंग आहेत, माहितीही आहे, तरी हवी ती गोष्ट पटकन सापडत नाही. नेमकं काय बिघडलंय, हेही सांगता येत नाही.

बहुतेक वेळा गडबड लेआउटमध्ये असते. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे आणि माझं रोजचं काम फ्रंटएंडचं, म्हणजे तुम्हाला स्क्रीनवर जे दिसतं ते बांधायचं. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत डेटा स्ट्रक्चर शिकवलं, नेटवर्किंग शिकवलं, पण बटण कुठे आणि केवढं ठेवायचं हे अभ्यासक्रमात नव्हतं. ते ग्राफिक डिझाइनच्या तत्त्वांतून शिकावं लागतं. त्यासाठी चित्रकला यायलाच हवी असं मुळीच नाही. आजच्या लेखात आपण ही तत्त्वं एकेक करून पाहणार आहोत, आणि प्रत्येक तत्त्व एकाच पानावर लावून बघणार आहोत.

लेआउट म्हणजे काय?

पानावर कोणती गोष्ट कुठे, केवढी आणि कशाच्या शेजारी ठेवायची हे ठरवणं म्हणजे लेआउट. रंग आणि सजावट त्यानंतर येते.

घरी आलेली लग्नपत्रिका आठवा. तिच्यात बराच मजकूर असतो, पण आपण सगळा वाचत नाही. वधू-वरांची नावं मोठ्या अक्षरात मध्यभागी, खाली मुहूर्त, त्याखाली कार्यालयाचा पत्ता. कोणाचं लग्न, कधी आणि कुठे, या तीन प्रश्नांची उत्तरं दोन सेकंदांत मिळतात. आता चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स आठवा. त्यावर वीस-पंचवीस चेहरे, सगळे जवळपास एकाच आकाराचे. वाढदिवस नक्की कोणाचा, हे शोधावं लागतं. कागद, शाई, रंग दोन्हीकडे आहेत, फरक फक्त मांडणीचा आहे.

अमेरिकन लेखिका रॉबिन विल्यम्स यांनी १९९४ साली ‘द नॉन-डिझायनर्स डिझाइन बुक’ या पुस्तकात डिझाइन न शिकलेल्या लोकांसाठी चार तत्त्वं मांडली: कॉन्ट्रास्ट, पुनरावृत्ती, संरेखन आणि जवळीक. मी त्यात श्रेणीक्रम आणि मोकळी जागा या दोन गोष्टी जोडतो. अशी झाली सहा.

आपलं उदाहरण: एका अभ्यासिकेची साइट

समजा, पुण्यातल्या एका अभ्यासिकेची वेबसाइट आहे. नाव काल्पनिक धरू, पण असं पान तुम्ही नक्की पाहिलं असेल. सर्वात वर आपोआप सरकणारे पाच फोटो. मग ‘आमच्याविषयी’. मग संचालकांचं मनोगत. मग पुन्हा फोटो. फी किती, हे सर्वात खाली, तेही छापील दरपत्रकाचा फोटो काढून टाकलेलं. फोन नंबर ‘संपर्क’ नावाच्या वेगळ्या पानावर.

आता हे पान कोण उघडतंय? एमपीएससीच्या तयारीसाठी नांदेडहून किंवा लातूरहून आलेली एखादी मुलगी. रात्रीचे दहा वाजलेत, ती कॉट बेसिसवरच्या खोलीत बसून तीन-चार अभ्यासिकांच्या साइट बघतेय. तिचे प्रश्न ठरलेले आहेत. जागा शिल्लक आहे का? महिन्याची फी किती? किती वाजेपर्यंत उघडी असते? मुलींसाठी वेगळी सोय आहे का? पोहोचायचं कसं?

ही उत्तरं मिळाली नाहीत तर ती बॅक दाबेल आणि पुढची साइट उघडेल. अभ्यासिकेने एक विद्यार्थिनी गमावली, आणि तिने कदाचित तिच्या बजेटमध्ये बसणारी जागा गमावली. म्हणून लेआउटचा पहिला नियम मी असा सांगतो: वाचणाऱ्याच्या मनात प्रश्न ज्या क्रमाने येतात, त्याच क्रमाने पान मांडा. खालची सहाही तत्त्वं हा नियम अमलात आणण्याची साधनं आहेत.

१. श्रेणीक्रम: आधी काय दिसायला हवं?

श्रेणीक्रम म्हणजे महत्त्वाचा उतरता क्रम. जे सर्वात महत्त्वाचं ते सर्वात मोठं, ठळक आणि वर. वर्तमानपत्राचं पहिलं पान बघा. स्टॉलवर ते घडी घालून ठेवलेलं असतं, त्यामुळे मुख्य बातमी वरच्या अर्ध्या भागात येते. मोबाइलवर स्क्रोल न करता दिसणारा भाग म्हणजे तोच वरचा अर्धा भाग.

आपल्या पानावर तिथे काय हवं? अभ्यासिकेचं नाव आणि परिसर, ‘महिना फी’चा आकडा, वेळ, आणि एक ठळक ‘फोन करा’ बटण. स्लायडर काढून एकच चांगला फोटो ठेवा. संचालकांचं मनोगत खाली गेलं तरी कुणाचं काही बिघडत नाही.

अक्षरांच्या आकाराच्या तीन पायऱ्या पुरतात. साधा मजकूर १६ पिक्सेल (ब्राउझरचा नेहमीचा आकार हाच असतो), उपशीर्षक २० ते २२, आणि मुख्य शीर्षक २८ ते ३२. पायऱ्यांमधला फरक स्पष्ट दिसायला हवा. १६ आणि १७ पिक्सेलमधला फरक कुणाच्या लक्षात येत नाही, उलट काहीतरी हुकलंय असं वाटतं.

२. जवळीक: जे एकत्र आहे ते जवळ ठेवा

मॅक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली जर्मनमध्ये एक निबंध लिहिला. डोळा सुट्या गोष्टींचे गट कसे बनवतो, हे त्याने ठिपके आणि रेषा वापरून दाखवलं. जवळ असलेल्या गोष्टी आपल्याला आपोआप एका गटातल्या वाटतात. हे आपण ठरवून करत नाही, डोळे उघडले की होतंच.

वेबसाइटवर याचा उपयोग सरळ आहे. शीर्षक हे त्याच्या खालच्या परिच्छेदाच्या जवळ आणि वरच्या परिच्छेदापासून लांब हवं. बऱ्याच साइट्सवर दोन्हीकडे सारखंच अंतर असतं, त्यामुळे शीर्षक मध्येच लोंबकळतं. फॉर्ममध्येही तेच. ‘मोबाइल नंबर’ हे शब्द आणि त्याचा रकाना जवळ हवेत, आणि पुढचा प्रश्न थोडा लांब.

मी हे माप वापरतो: गटाच्या आत ८ पिक्सेल, दोन गटांमध्ये २४ किंवा ३२. सगळी अंतरं ८ च्या पटीत ठेवली की दर वेळी नव्याने विचार करावा लागत नाही.

३. संरेखन: अदृश्य रेषेला धरून राहा

संरेखन म्हणजे अलाइनमेंट. पानावरची प्रत्येक गोष्ट कोणत्या तरी उभ्या किंवा आडव्या रेषेला धरून असावी. काही मजकूर डावीकडे, काही मध्यभागी, एखादं बटण उजवीकडे, असं झालं की डोळ्याला प्रत्येक ओळीची सुरुवात शोधावी लागते.

छपाईच्या जगात यासाठी ग्रिड वापरतात. स्विस डिझायनर योझेफ म्युलर-ब्रोकमान यांचं ‘ग्रिड सिस्टिम्स इन ग्राफिक डिझाइन’ हे १९८१चं पुस्तक आजही शिकवलं जातं. वेबवर हीच कल्पना सीएसएस ग्रिडच्या रूपाने आली. २०१७ साली मोठ्या ब्राउझर्समध्ये तिची सोय झाली. त्याआधी २०१० मध्ये ईथन मार्कॉट यांनी ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हा शब्द रूढ केला होता: एकच पान मोठ्या स्क्रीनवर तीन रकान्यांत दिसतं, आणि मोबाइलवर तेच रकाने एकाखाली एक येतात.

मोबाइलवर एकच रकाना ठेवा. अनेक फोनमध्ये ब्राउझरच्या हिशोबाने स्क्रीनची रुंदी ३६० पिक्सेल असते. दोन्ही बाजूंना १६-१६ सोडले की हातात ३२८ उरतात. त्यात दोन रकाने कोंबले की मराठी शब्द तुटायला लागतात. परिच्छेद डावीकडून सुरू करा, मध्यभागी फक्त एखादं छोटं शीर्षक चालेल.

कोड स्वतः लिहीत असाल तर व्ह्यूपोर्ट मेटा टॅग टाकायला विसरू नका. तो नसेल तर मोबाइल ब्राउझर पान साधारण ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. मग दोन बोटांनी झूम करत बसावं लागतं.

४. कॉन्ट्रास्ट: उन्हातही वाचता यायला हवं

कॉन्ट्रास्ट म्हणजे दोन गोष्टींमधला फरक. तो आकाराचा असतो, जाडीचा असतो, पण सर्वात जास्त दुर्लक्ष होतं ते रंगांच्या उजळपणाकडे. इथे अंदाजावर चालायची गरज नाही, हे मोजता येतं. डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या डब्ल्यूसीएजी नियमांनुसार साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ हवा, मोठ्या अक्षरांसाठी किमान ३:१. पांढऱ्यावर काळं म्हणजे २१:१, याहून जास्त शक्य नाही.

काही नेहमीच्या जोड्या बघू:

पांढऱ्यावर फिकट राखाडी (हेक्स कोडमध्ये सहा वेळा ९): साधारण २.८:१, नापास.
पांढऱ्यावर गडद राखाडी (कोड ५९५९५९): ७:१, छान.
केशरी रंगावर (कोड एफएफ९९३३) पांढरी अक्षरं: साधारण २.१:१, नापास.
त्याच केशरीवर काळी अक्षरं: ९.८:१ च्या वर, उत्तम.

तिसरी जोडी आपल्याकडे बॅनरवर सर्रास दिसते. मोठ्या फ्लेक्सवर ती खपून जाते, पण ६ इंची स्क्रीनवर, दुपारच्या उन्हात, ब्राइटनेस कमी असताना फीचा आकडा दिसतच नाही. संगणकावर क्रोममध्ये एफ१२ दाबून डेव्हलपर टूल्स उघडा आणि अक्षरांच्या रंगाच्या चौकोनावर क्लिक करा. हा आकडा तिथेच दिसतो.

फक्त रंगावर अर्थ अवलंबून ठेवू नका. ‘हिरवी जागा रिकामी, लाल भरलेली’ असा तक्ता रंगांधळेपणा असलेल्या व्यक्तीला कळणार नाही. रंगासोबत ‘रिकामी’ हा शब्दही लिहा.

५. पुनरावृत्ती: एकदा ठरवलं की तेच सगळीकडे

सगळी मुख्य बटणं एकाच रंगाची, सगळी उपशीर्षकं एकाच आकाराची, सगळ्या फोटोंचे कोपरे एकसारखे. वाचणाऱ्याने एकदा शिकलं की निळं म्हणजे दाबता येतं, की प्रत्येक पानावर तेच लागू व्हायला हवं. न दाबता येणारा मजकूर निळा करून अधोरेखित केला, तर लोक त्यावर अंगठा मारत बसतात.

याची दुसरी बाजूही आहे. ज्या गोष्टींचं काम वेगळं, त्या दिसायलाही वेगळ्या हव्यात. एका ऑनलाइन अर्जाच्या पानावर ‘सेव्ह’ आणि ‘रिसेट’ ही दोन बटणं एकाच रंगाची, एकाच मापाची आणि एकमेकांना चिकटून होती. माझ्या मामेबहिणीने पाऊण तास बसून अर्ज भरला आणि अंगठा ‘रिसेट’वर पडला. सगळं कोरं. शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी होती, म्हणून निभावलं. मुख्य बटण भरीव रंगाचं आणि मोठं, दुसरं नुसत्या बाह्यरेषेचं आणि दूर, एवढं केलं असतं तरी हे टळलं असतं.

बटणाच्या मापाचेही आकडे ठरलेले आहेत. ॲपल किमान ४४ बाय ४४ पॉइंट सांगतं, गूगलचं मटेरियल डिझाइन ४८ बाय ४८ डीपी. हे माप बोटासाठी आहे, माउसच्या टोकासाठी नाही.

६. मोकळी जागा: रिकामी म्हणजे वाया नव्हे

‘इथे जागा रिकामी दिसतेय, काहीतरी टाक ना’ हे वाक्य साइट बनवणाऱ्या प्रत्येकाने ऐकलंय. पण मोकळी जागाच सांगते की एक विषय संपला आणि दुसरा सुरू झाला. सराफाच्या शोकेसमध्ये महागडा हार एकटा ठेवलेला असतो, हजार अंगठ्यांच्या गर्दीत नाही.

आपल्या पानावर फीच्या आकड्याभोवती २४ पिक्सेल मोकळे सोडा. अक्षरं न वाढवताही तो उठून दिसेल. प्रत्येक परिच्छेद तीन-चार ओळींचा ठेवा. मोबाइलवर सहा ओळींचा परिच्छेदही भिंतीसारखा वाटतो.

मराठी मजकूर असेल तर काय बदलतं?

हा भाग मुद्दाम वेगळा ठेवलाय, कारण बहुतेक थीम इंग्रजी अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या असतात. त्यात मराठी टाकलं की पुढच्या अडचणी येतात.

ओळींमधलं अंतर: मराठीत अक्षराच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार असतो. इंग्रजी थीममध्ये शीर्षकाची लाइन हाइट बऱ्याचदा १.१ किंवा १.२ असते. त्यात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला टेकतो. मी परिच्छेदाला १.६ ते १.८ आणि शीर्षकाला १.४ ठेवतो.

लेटर स्पेसिंग: ती शून्य ठेवा. वाढवली की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांत विखुरतो.

कॅपिटल आणि इटॅलिक: देवनागरीत कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे थीमने कॅपिटलमधून दिलेला जोर मराठीत गायब होतो. इटॅलिकचा खास आराखडा बहुतेक देवनागरी फॉन्टमध्ये नसतो, ब्राउझर अक्षरं नुसती तिरकी करतो. जोर द्यायला ठळक अक्षरं वापरा.

जस्टिफाय: अरुंद रकान्यात दोन्ही कडा जुळवल्या की लांब मराठी शब्दांमध्ये मोठमोठी भगदाडं पडतात. डावीकडून सरळ, उजवीकडून मोकळं ठेवा.

बटणाची रुंदी: ‘सबमिट’ छोटा शब्द आहे, ‘अर्ज सादर करा’ लांब. बटणाला ठरावीक रुंदी न देता आतल्या मजकुरानुसार वाढू द्या.

फॉन्ट: गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बलू, तसेच नोटो सॅन्स देवनागरी मोफत मिळतात. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरांमुळे फाइल जड असते, म्हणून साधं आणि ठळक अशी दोनच वजनं घ्या.

भाषेची खूण: एचटीएमएलमध्ये पानाची भाषा ‘एमआर’ म्हणजे मराठी अशी नोंदवा. ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श मराठी वळणाचे दिसतात. दृष्टिहीन व्यक्तींच्या स्क्रीन रीडरलाही पान मराठीत वाचायचंय हे कळतं.

पान तयार झालं, आता तपासायचं कसं?

१. फोन हात लांब करून धरा आणि डोळे किलकिले करा. धूसर दिसतानाही जे उठून दिसतं, तेच तुमच्या पानाचं पहिलं वाक्य. ते फी किंवा बटण आहे का?
२. फोनच्या सेटिंगमधून स्क्रीन कृष्णधवल करा. रंग काढल्यावरही पान कळायला हवं.
३. फोनच्या सेटिंगमध्ये अक्षरं मोठी करा. घरातल्या मोठ्यांचा फोन असाच असतो. मजकूर कापला जातोय का बघा.
४. एकदा गच्चीवर किंवा रस्त्यावर उन्हात उघडून बघा.
५. घरातल्या कुणाला तरी फोन द्या आणि एवढंच म्हणा, ‘यात महिन्याची फी शोधून दे.’ मग गप्प राहा. अंगठा जिथे थांबतो, तिथे तुमचं काम बाकी आहे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कॅन्व्हामध्ये केलेलं पोस्टरच साइटवर टाकलं तर चालेल का?
सजावटीसाठी चालेल, माहितीसाठी नाही. चित्रातला फोन नंबर दाबून कॉल लागत नाही, अक्षरं मोठी केली तरी मोठी होत नाहीत, आणि स्क्रीन रीडर ती नीट वाचू शकेल याची खात्री नसते. फी, वेळ, पत्ता हे साध्या मजकुरातच लिहा.

किती रंग आणि किती फॉन्ट वापरावेत?
सुरुवातीला एक फॉन्ट पुरे. मजकुरासाठी एक गडद रंग, पार्श्वभूमीसाठी एक फिकट, आणि बटणांसाठी एक ठळक. बटणाचा रंग दुसरीकडे कुठेही वापरू नका.

फॉर्ममध्ये टाइप करायला गेलं की आयफोनवर पान आपोआप झूम का होतं?
रकान्यातली अक्षरं १६ पिक्सेलपेक्षा लहान असली की सफारी असं करतं. ती १६ किंवा जास्त करा.

आधी मोबाइल की आधी डेस्कटॉप?
आधी मोबाइल. छोट्या जागेत काय महत्त्वाचं हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरलं की मोठ्या स्क्रीनवर मांडणं सोपं जातं.

थोडक्यात

थीम बदलण्याआधी कागद घ्या. तुमचं पान उघडणाऱ्या माणसाचे पाच प्रश्न त्यावर क्रमाने लिहा. मग सध्याच्या पानावर त्या प्रश्नांची उत्तरं कितव्या स्क्रोलला येतात ते मोजा. बऱ्याचदा नवीन काही टाकावं लागत नाही, वरचं खाली आणि खालचं वर एवढं केलं तरी पान कामाचं होतं.

ओळखीच्या कुणाची अभ्यासिका, मेस, क्लास किंवा दुकान असेल आणि त्यांनी नुकतीच साइट काढली असेल, तर हा लेख त्यांना नक्की पाठवा. आणि शक्य झालं तर त्यांच्या शेजारी बसून पाचवी तपासणी एकदा करून दाखवा.